सूपभर मिरच्यांचं वजन

मसाला करणं ही काही अवघड गोष्ट नाही, असं रंगनाथ म्हणाला आणि तिथेच फसला. म्हणायचंच होतं तर मनातल्या मनात म्हणायचं. पण तो म्हणाला मोठ्याने, आणि तेही आपल्या थोरल्या बहिणीसमोर.

गोष्ट सन छत्तीसच्या उन्हाळ्यातली. रंगनाथ नाशिकरोडच्या पार्सल हापिसात काट्यावर होता. आलेल्या प्रत्येक नगाचं वजन करायचं आणि खडूने ते त्याच्यावर लिहायचं, हे त्याचं काम. द्राक्षांच्या पेट्या, कांद्याची पोती, देवळालीच्या कॅम्पातल्या साहेबांच्या ट्रंका, एकदा तर पिंजऱ्यासकट एक माकड. माकड काट्यावर स्वस्थ बसेना, तर रंगनाथने त्याला केळं देऊन बसवलं आणि मग केळ्याचं वजन वजा केलं. असा माणूस. जगात खरं काय ते काटा सांगतो, बाकी सगळी लोकांची बडबड, असं त्याचं मत होतं.

मागच्या पावसाळ्यात त्याची बायको भागीबाई तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. घरात उरला रंगनाथ आणि तिने त्याआधीच्या उन्हाळ्यात करून ठेवलेली काळ्या मसाल्याची बरणी. तो भाकरी थापायला शिकला. भाकरी गोल व्हायची नाही, पण व्हायची. भाजी करायला शिकला. भाजी कधी कच्ची, कधी करपलेली, पण त्या बरणीतला मसाला पडला की घरच्यासारखी लागायची. असं करत करत होळी आली आणि बरणीत चमचा खडखडायला लागला.

नेमकी तेव्हाच विंचूरहून नवसाबाई आली. नवसाबाई म्हणजे त्याची बहीण. तिने आल्या आल्या भांडी उघडून पाहिली, बरणी हलवून पाहिली आणि पदर खोचला.

"आता काय खाशील?"

"मसाला करीन."

"कोन?"

"मी."

"अरे, मसाला म्हंजी काय तुझं पार्सल हाय का?"

"पार्सलच आहे, आक्का. काय घालायचं आणि किती घालायचं, एवढंच तर असतं. मसाला करणं काही अवघड नाही."

नवसाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मांजराने दुधाच्या भांड्याकडे पाहावं. मग ती मूळ मुद्द्यावर आली. मालेगावाकडे एक मुलगी होती. कामाला वाघीण. तिचे मामा पुंजा म्हणून होते, ते घर पाहायला यायला तयार होते.

"आक्का, मला लग्न करायचं नाही."

"का नाय?"

आता बायको आठवते म्हणून लग्न नको, असं त्या काळी पुरुषाने बहिणीला सांगायची पद्धत नव्हती. रंगनाथला दुसरं काही सुचेना. तो म्हणाला, "मला सगळं येतं म्हणून."

"मसाला येतो?"

"येतो."

"भागीसारखा?"

इथे रंगनाथने बरणीकडे पाहिलं. पण मागे फिरायची वाट राहिली नव्हती. "तिच्यासारखा," तो म्हणाला.

"मंग असं कर. आखाजीच्या आधी मी पुंजा मामाला घेऊन येते. तुझ्या हातच्या मसाल्याचं कालवण आम्हाला वाढ. भागीच्या मसाल्यासारखं झालं, तर मी जन्मात लग्नाचं नाव काढनार नाय. नाय झालं, तर गुमान बोहल्यावर उभं राहायचं. हाय कबूल?"

"कबूल," रंगनाथ म्हणाला.

नवसाबाई इतक्या आनंदाने विंचूरला परत गेली, की तिने जाताना बांगड्यांचा भावसुद्धा विचारून ठेवला.

आता भागीबाई मसाल्यात काय काय किती घालायची, हे रंगनाथला कुठे ठाऊक होतं? दरवर्षी उन्हाळ्यात एक दिवस घरी ठसका असायचा. त्या दिवशी तो हापिसातून उशिरा यायचा. मसाल्याशी त्याचा संबंध तेवढाच. पण शेजारच्या हुस्नबानोला माहीत होतं. हुस्नबानो म्हणजे टांगेवाल्या निसारची बायको. दोन्ही घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती आणि उखळ एकच होतं, ते हुस्नबानोच्या अंगणात. भागीबाई मसाला तिथेच कुटायची. रंगनाथ भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"भाभी, हिच्या मसाल्यात काय काय असायचं?"

हुस्नबानो तांदूळ निवडत होती. तिने सगळं सांगितलं. मिरच्या सुपाने. धने मापट्याने, ते पितळेचं असतं ना, त्याने. खोबरं आणि तीळ वाट्यांनी. लवंगा, मिरे, दालचिनी मुठीने.

"सुपाने म्हणजे किती शेर?"

"सुपाने म्हणजे सुपाने, भाऊ."

"पण वजन?"

"वजन कशाला? वहिनी सूप भरायच्या आणि ओतायच्या."

"किती सुपं?"

हुस्नबानोने डोळे मिटून आठवून पाहिलं. "पहिलं सूप ओतलं की म्हणायच्या, लाभ. मग म्हणायच्या, दोन. मग थांबायच्या."

"म्हणजे दोन सुपं."

"दोन कसे? लाभ आणि वर दोन. तीन झाले ना."

"अहो, पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ म्हणजेच एक."

"आमच्या घरी पहिल्या मापाला बरकत म्हणतात. ते अल्लाचं. मग एकापासून मोजतात."

"आमच्यात नाही तसं."

"मग ओतताना सुपं तुम्ही पाहिलीत की मी?"

रंगनाथने पाहिली नव्हती. तो त्या दिवशी हापिसात होता. माहितगार साक्षीदाराशी वाद घालून उपयोग नाही, असा विचार करून त्याने तीन सुपं धरली. कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. हे वाक्य त्याने स्वतःशी म्हटलं, ते त्याला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

आता सुपाचे शेर करायचे. घरात मिरच्या नव्हत्या. जोंधळे होते. रंगनाथने भागीबाईचं सूप घेतलं, जोंधळ्यांनी काठोकाठ भरलं, वर फडकं बांधलं आणि डोक्यावर घेऊन तो थेट हापिसात गेला. गोरक्ष नावाचा हमाल दारात बिडी ओढत होता.

"बाबू, हे पार्सल कुठलं?"

"कुठलं नाही. सुपाचं वजन करायचंय."

"सुपाचं का जोंधळ्याचं?"

"आधी दोघांचं. मग नुसत्या सुपाचं. मग त्यातून हे वजा."

"आणि फडक्याचं?"

रंगनाथला हा प्रश्न आवडला. त्याने फडकंही काट्यावर टाकलं. सूप वजा केलं, फडकं वजा केलं, फडकं बांधायला घेतलेली सुतळी होती तिचासुद्धा अंदाज धरून वजा केला. एका सुपाचे बरोब्बर चार शेर भरले. मापट्याचं तसंच केलं, वाटीचं केलं. मुठीचं करताना थोडी पंचाईत झाली, कारण भागीबाईची मूठ लहान. म्हणून त्याने आपली मूठ अर्धी मिटून जोंधळे घेतले. एवढी काळजी मी सांगतो त्या काळात नाशिक जिल्ह्यात कुणीही कुठल्याच मसाल्याची घेतली नसेल.

तीन सुपं, तीन चोक बारा. बारा शेर मिरच्या.

वाण्याचं नाव लहानू. त्याने ऐकलं आणि कान खाजवला.

"किती म्हनाले?"

"बारा शेर."

"लग्न हाय का?"

"लग्न होऊ नये म्हणून नेतोय."

लहानूला यातलं काही कळलं नाही, पण गिऱ्हाइकाला फार विचारू नये एवढं कळत होतं. त्याने मिरच्या पारड्यात टाकल्या. पारडं भरलं, वर ढीग झाला, मिरच्या घरंगळून खाली पडल्या, आणि काटा जागचा हलेना. पुन्हा टाकल्या, पुन्हा घरंगळल्या. पोतं आणलं. ते भरलं. दुसरं आणलं. तेही भरलं. तिसरं निम्मं भरलं तेव्हा लहानू म्हणाला, "झाले बगा बारा."

"काटा बरोबर आहे ना तुमचा?"

"तुम्हीच बगा की. तुम्ही काट्याचे मानूस."

रंगनाथने पाहिला. काटा बरोबर होता. धने, खोबरं, तीळ, लवंगा, सगळं याच हिशेबाने घेऊन त्याने निसारचा टांगा बोलावला. पोती टांग्यात चढली, रंगनाथ पोत्यांवर चढला, आणि त्याचं डोकं टांग्याच्या छताला लागलं. अर्ध्या वाटेवर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

"निसारभाई, बारा शेर जोंधळे असते तर मी काखेत मारून आणले असते."

"मग आणायचे ना. टांगा कशाला केला?"

"पण हे जोंधळे नाहीत. मिरच्या आहेत. पण शेर तर बाराच आहेत."

निसारने घोड्याला थोडं हळू घेतलं आणि मागे वळून पाहिलं. "भाऊ, मिरची उन्हाने फुगली असेल."

रंगनाथला हे एकदम पटलं. उन्हाळा होता, मिरची वाळलेली होती, आत हवा शिरली असणार. कुटल्यावर हवा निघून जाईल आणि सगळं खाली बसेल. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार घेतो म्हणतात, रंगनाथने तर हवेचा घेतला.

तरी घरी आल्यावर त्याने एक गोष्ट केली. भागीबाईचं तेच सूप घेतलं आणि मिरच्या भरून पाहिल्या. लाभ. दोन. तीन. पोत्याकडे पाहिलं, तर पोतं जसंच्या तसं फुगलेलं, जणू कुणी हातच लावला नाही. तो भिंतीपाशी गेला.

"भाभी, तीन सुपं भरली. आणि अजून अडीच पोती उरलीच आहेत."

हुस्नबानो भिंतीवरून वाकली. तिने पोत्यांकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. "मग तीन सुपं घ्या. बाकी परत द्या."

"पण वजनाने ते अजून बारा शेर झाले नाहीत."

"नसू देत."

"असं कसं? सूप म्हणजे चार शेर. मी स्वतः केलंय वजन."

"मग सूप खोटं?"

"सूप खोटं नाही. वजनही खोटं नाही." रंगनाथ पोत्यावर बसला. "मग खोटं काय?"

मग तो म्हणाला, "तुम्ही सांगा. सूप धरू का वजन धरू?"

"मला विचाराल तर सूप. तुम्ही तुम्हाला विचाराल तर वजन. खरं म्हणजे वहिनींना विचारून ठेवायला पाहिजे होतं."

ते खरंच होतं. वीस वर्षांत त्याने शेकडो जणांना ट्रंकेत काय आहे म्हणून विचारलं होतं, आणि घरात तिला कधी बरणीत काय आहे म्हणून विचारलं नव्हतं. सूप तिचं होतं. ते कसं धरायचं, किती भरायचं, कुठे थांबायचं, ते तिला ठाऊक. त्याला एक वजन तेवढं कळत होतं. जे कळतं ते धरावं, असं त्याने ठरवलं. बारा शेर.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई नावाची कांडपीण आणि तिची जाऊ अशा दोघी आल्या. कुसाबाईने पोती पाहिली आणि पदर नाकाला बांधला.

"बाबू, पलटणीला मसाला पाठवायचा हाय का?"

"घरचा आहे."

"कुनाकुनाचं घर?"

मसाला कुटायच्या आधी मिरच्या तेलावर परतायच्या असतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी दार लावून ऐकावं. हुस्नबानोच्या अंगणात चूल पेटली, कढई चढली आणि पहिला घाणा पडला. पहिल्या घाण्याला कुसाबाई शिंकली. दुसऱ्याला तिची जाऊ शिंकली. तिसऱ्याला हुस्नबानो पोरांना घेऊन आपल्या भावाकडे गेली. सातव्याआठव्या घाण्याला गल्लीत एकही माणूस असा उरला नाही की ज्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. समोरच्या घरात कुणी पाहुणा आला होता, तो बिचारा हे रडणं पाहून मयतीचं घर समजला आणि टोपी काढून ओट्यावर बसून राहिला.

एवढ्यात निसारचा टांगा गल्लीत शिरला. टांग्यात कॅम्पाकडे निघालेला एक गोरा सार्जंट होता, वयस्कर, पिकल्या मिशांचा. घोड्याला पहिला वास लागला तसा तो थांबला. दुसरा लागला तसा शिंकला. घोडा शिंकतो तेव्हा पुढचं सगळं शरीर शिंकतं. टांगा एक हात मागे सरकला. घोडा पुन्हा शिंकला, टांगा आणखी मागे सरकला. सार्जंटने खोल श्वास घेतला आणि त्याचा चेहरा पांढऱ्याचा लाल झाला.

"गॅस," तो ओरडला. "गॅस, गॅस."

तो मोठ्या लढाईत फ्रान्सला जाऊन आलेला होता. त्याने रुमाल पाण्यात भिजवायला पाणी शोधलं, ते मिळालं गटारात. रुमाल तोंडाला बांधून तो गटाराच्या कडेला पालथा पडला आणि निसारला हाताने खूण करायला लागला, की तूही झोप. निसारला इंग्रजी येत नव्हतं, पण साहेब झोपला म्हणजे आपण उभं राहणं बरं नाही, म्हणून तोही झोपला. घोडा तेवढा उभा राहून शिंकत होता.

रंगनाथ लगबगीने बाहेर आला. त्याच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"कोण आहे?"

"मी," निसार खालून म्हणाला. "आणि साहेब."

"काय करताय?"

"साहेबांना विचारा."

सार्जंटने मान वर करून रंगनाथच्या हातातला झारा पाहिला, झाऱ्यातल्या मिरच्या पाहिल्या. मग तो उठला, कपडे झटकले आणि पायी कॅम्पाकडे चालायला लागला. टांग्याचे पैसे निसारला मिळाले नाहीत. ते रंगनाथने दिले.

तिसऱ्या दिवशी कुटणं संपलं. अडीच पोत्यांचा ढीग पार खाली बसला होता. रंगनाथ खूश झाला.

"बघा भाभी, म्हटलं नव्हतं? हवा होती. बसलं सगळं."

हुस्नबानो आदल्या दिवशीच भावाकडून परत आली होती. तिचे डोळे अजून सुजलेले होते. "बसलं," ती म्हणाली. "पण भाऊ, वहिनींचा मसाला एका बरणीत बसायचा."

रंगनाथने मसाला भरायला घेतला. बरणी भरली. लोणच्याची बरणी भरली. तेलाचा डबा भरला. पाण्याचा एक माठ भरला. शेवटचा उरला तो भागीबाईच्या ट्रंकेत भरला, कारण ट्रंक रिकामी होती आणि तिला झाकण होतं.

ठरलेल्या दिवशी, अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी, नवसाबाई आली. बरोबर पुंजा मामा. अंगाने आडवे, डोक्याला मोठं पागोटं, मिशा अशा की त्यांना वेगळं जेवायला वाढावं. घर पाहिलं, आड पाहिला, रंगनाथच्या पगाराची चौकशी केली. नवसाबाईने डोळ्यांनीच भावाला सांगितलं, की आवडलंय हं.

रंगनाथने वांग्याचं कालवण केलं होतं. भागीबाई जेवढा मसाला घालायची तेवढाच घातला होता, एक पळी. एवढं तरी त्याने पाहिलेलं होतं. ताटं मांडली. कालवणाचा रंग पाहून नवसाबाईची भुवई वर गेली.

"रंगा, जरा लाल दिसतंय."

"नवा मसाला आहे, आक्का."

पुंजा मामा हसले. "बाई, काळजी करू नका. आम्हले तिखटच लागस. तिखट नही ते जेवण कसानं?"

त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, कालवणात चांगला बुडवला आणि तोंडात टाकला.

आधी काहीच झालं नाही. मामा चावत होते. मग चावायचे थांबले. मग त्यांचे कान लाल झाले, आधी उजवा, मग डावा. कपाळावर घाम आला आणि पागोट्याच्या पहिल्या पेडात शिरला. मामांनी तांब्या उचलून रिकामा केला. नवसाबाईचा तांब्या उचलून रिकामा केला. रंगनाथने आपला पुढे केला, तोही रिकामा केला. बोलायला तोंड उघडलं तर आतून नुसता वारा आला.

"मामा, काय झालं?" नवसाबाई म्हणाली आणि खरं काय ते पाहायला तिनेही एक घास घेतला. त्यानंतर तिने पदर तोंडात धरला.

मामा उठून अंगणात गेले. आडाला पोहरा नव्हता, म्हणून भिंत ओलांडून निसारच्या अंगणात उतरले, आणि घोड्याच्या पाण्याच्या टाकीत त्यांनी सबंध तोंड घातलं. घोडा बाजूला झाला. त्याला या घरातल्या मसाल्याची आता ओळख होती. हुस्नबानो गुळाचा खडा आणि लोटाभर दूध घेऊन धावली. मामांनी गूळ खाल्ला, दूध प्याले, पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. बऱ्याच वेळाने त्यांना वाचा फुटली.

"नवसाबाई."

"काय हो मामा?"

"पोर आमनी शे. वैरीण नही."

"मामा, असं काय करता? मसाला फेकून देऊ."

"कितला शे?"

नवसाबाईने भावाकडे पाहिलं. रंगनाथ खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. त्याने मामांना आत नेऊन बरणी दाखवली, दुसरी बरणी दाखवली, डबा दाखवला, माठ दाखवला. ट्रंकेचं झाकण उघडलं, तेव्हा मामा दोन पावलं मागे झाले आणि चौकटीवर आपटले.

"हाऊ मसाला संपस नही, तवर मी काय, मालेगावाकडला कोणीच तुम्हले पोर देणार नही," ते म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीची वाट न बघता दुपारच्याच मोटारीने निघून गेले. त्या मोटारीत त्यांच्या शेजारी जो बसला त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली असणार. कारण आठ दिवसांत ती चांदवडला पोचली होती, आणि तिथून उलट फिरून विंचूरलाही.

मामा गेल्यावर नवसाबाई पाटावर बसली ती उठेना.

"तू मुद्दाम केलंस."

"शपथ घेतो आक्का. मी बरोबर वजन केलं होतं."

"भागीच्या मसाल्यासारखा झाला का?"

"नाही झाला."

"मंग तू हरलास."

"हरलो," रंगनाथ म्हणाला. "मी लग्नाला तयार आहे."

"कुनाशी?" नवसाबाई ओरडली. "कुनाशी रे? आता कोन देनार?"

रंगनाथ मनातल्या मनात हिशेब करायला लागला. हरलो तर लग्न करायचं होतं. हरलो तर खरा, पण लग्न मोडलं ते हरल्यामुळेच. म्हणजे जिंकलो असं म्हणावं, तर मसाला बिघडला होता. आपण हरलो की जिंकलो, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि नवसाबाईलाही सांगता आलं नाही. तिने लुगड्याची गाठोडी बांधली आणि जाताना दारात थांबली.

"टाकून दे तो सगळा."

"नको, आक्का. चांगल्या मिरच्या आहेत."

"मंग खा जन्मभर."

तो खायला लागला. आधी पळीऐवजी चमचा, मग अर्धा चमचा, मग नखावर मावेल तेवढा. तरी पहिल्या घासाला डोळ्यांतून धारा लागायच्या. गल्लीला सवय झाली. संध्याकाळी रंगनाथ ताट घेऊन ओट्यावर बसला आणि डोळे पुसायला लागला, की लोक म्हणायचे, चाललंय रंगनाथचं जेवण. पार्सल हापिसातही त्याचे लाल डोळे पाहून कुणी काही विचारत नव्हतं. विचारायचं काय, सगळ्यांना कारण माहीत होतं.

आषाढात एका संध्याकाळी हुस्नबानो कपडे काढायला अंगणात आली. रंगनाथ ओट्यावर ताट घेऊन बसला होता आणि उपरण्याने डोळे पुसत होता. पुसून झाले की पुन्हा पुसत होता.

"भाऊ, आणखी कमी घालत जा ना तो मसाला," ती भिंतीवरून म्हणाली. "डोळे जातील अशाने."

"घालतो, भाभी. उद्यापासून कमी घालतो," रंगनाथ म्हणाला, आणि त्याने ताट जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

ताटात दूध-भाकरी होती.